घर कोणी सोडायचे?

जबलपूरच्या नेपियर टाउनमध्ये मुलींची दोन सरकारी महाविद्यालये आहेत, मानकुंवरबाई आणि गृहविज्ञान. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचे मुख्य पीठ याच शहरात आणि राज्य विधिसेवा प्राधिकरणाचे मुख्यालयही इथेच. १९५६ पर्यंत नागपूर आणि जबलपूर एकाच प्रांतात होते, त्यामुळे शहरातली मराठी घरे काल-परवाची नाहीत. नागपूर-अमरावतीकडे सोयरीक अजून चालू आहे. अशा शिकल्यासवरल्या वस्तीत घरात हात उचलला जातो असे कोणी म्हटले, की लोक चटकन दुसऱ्या मोहल्ल्याकडे बोट दाखवतात. आकडे तसे म्हणत नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) लग्न झालेल्या १८ ते ४९ वयाच्या बायकांपैकी मध्य प्रदेशात २८.१ टक्के जणींनी नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचे सांगितले. महाराष्ट्रात हे प्रमाण २५.२ टक्के, देशात २९.३ टक्के. आणि हिंसा सोसलेल्यांपैकी कोणाकडे तरी मदत मागितलेल्या बायका देशभरात जेमतेम १४ टक्के.

हा शेवटचा आकडा लक्षात ठेवून पुढच्या वादाकडे पाहायला हवे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला, आणि तेव्हापासून त्याच्याविषयी दोन तक्रारी सारख्याच जोराने होत आल्या आहेत. एक अशी, की बाईने नुसते शपथपत्र दिले की नवऱ्याचे म्हणणे न ऐकता आदेश निघतो. दुसरी अशी, की आदेश वेळेवर निघतच नाही, आणि निघाला तरी तो कागदच राहतो. गंमत म्हणजे दोन्ही तक्रारी खऱ्या असू शकतात, कारण त्या दोन वेगळ्या जागांबद्दल आहेत.

मुळात हा कायदा आणला कशाला? १९८३ पासून दंडविधानात कलम ४९८-अ होतेच. आता ते भारतीय न्याय संहितेच्या ८५ आणि ८६ या कलमांत आले आहे. पण ते कलम नवऱ्याला तुरुंगाची वाट दाखवते. पुष्कळ बायकांना नवरा तुरुंगात नको असतो. मार थांबायला हवा असतो, डोक्यावरचे छप्पर टिकायला हवे असते, मुलांच्या फीचे पैसे हवे असतात. फौजदारी खटल्यात यातले काहीच मिळत नाही. उलट नवऱ्याची नोकरी गेली तर तिचेही घर बसते. ही फट बुजवण्यासाठी २००५ च्या कायद्याने मॅजिस्ट्रेटच्या हाती दिवाणी स्वरूपाचे उपाय दिले: कलम १८ चा संरक्षण आदेश, १९ चा निवासाचा, २० चा पैशाचा, २१ चा मुलांच्या ताब्याचा, २२ चा भरपाईचा. हे सगळे एकाच अर्जात मागता येते, आणि आमच्या मते निम्मा घोटाळा तिथेच सुरू होतो. त्याकडे पुढे येऊ.

संरक्षण आदेशात काय असते, हे लोकांना फारसे माहीत नसते. मारू नको, दुसऱ्याकरवी मारवू नको, तिच्या कामाच्या ठिकाणी किंवा मुलांच्या शाळेत जाऊन उभा राहू नको. फोन, चिठ्ठी, निरोप, कोणत्याही मार्गाने संपर्क साधू नको. दोघांच्या नावचे बँक खाते किंवा लॉकर न्यायालयाच्या परवानगीवाचून उघडू नको, तिचे स्त्रीधन विकू नको, तिला आसरा देणाऱ्या नातलगांना त्रास देऊ नको. लॉकरचा उल्लेख वाचून हसू येणाऱ्याने एखाद्या सराईत वकिलाला विचारावे. भांडण चिघळले, की पहिल्या आठवड्यात लॉकर रिकामा होतो.

आदेश मोडला तर कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद, २० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. म्हणजे हुकूम दिवाणी, पण त्यामागे उभा आहे तो फौजदारी कायद्याचा दंडुका. हा जोड मुद्दाम घातलेला आहे, कारण नुसत्या मनाई हुकमाला घरातला मारकुटा कधी भीक घालत नाही.

आता पहिल्या बाजूचे म्हणणे नीट ऐकू. कलम २३ खाली मॅजिस्ट्रेट फक्त बाईच्या शपथपत्रावरून, प्रथमदर्शनी खात्री पटली तर, एकतर्फी आदेश देऊ शकतो. आदेश मोडल्याचा गुन्हा तिच्या एकटीच्या साक्षीवर सिद्ध धरता येतो. अर्जात नवऱ्याबरोबर सासू, सासरा, दुसऱ्या गावी राहणारी नणंद, तिचा नवरा अशी यादी येते. १० डिसेंबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ४९८-अ बाबत नेमके हेच बजावले, की ठोस आरोपांवाचून नवऱ्याच्या सगळ्या गोतावळ्याला गोवू नये. मध्य प्रदेशातूनच गेलेल्या एका प्रकरणात १९ मे २०२५ रोजी त्याच न्यायालयाने ठरवले, की कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखालची कारवाई रद्द करण्याचा अंगभूत अधिकार उच्च न्यायालयांना आहे. मात्र हा कायदा बायकांसाठी आहे याचे भान ठेवून तो अधिकार जपून वापरावा. हे सगळे पुरुषांच्या संघटनांचे रडगाणे म्हणून उडवून लावता येत नाही. घटस्फोटाच्या सौद्यात दबावासाठी टाकलेले अर्ज असतात, हे जिल्हा न्यायालयात वकिली करणारा कोणीही खाजगीत कबूल करील. मग तो कोणत्याही बाजूचा असो.

पण न्यायालयाकडे मागितल्या जाणाऱ्या गोष्टी एका तोलाच्या नसतात, हे या वादात कोणी बोलत नाही. समजा, मॅजिस्ट्रेटने चुकून निर्दोष नवऱ्याला हुकूम केला: मारू नको, धमकावू नको, मुलांच्या शाळेच्या फाटकाशी जाऊ नको. त्याचे काय बिघडले? जो मारतच नाही, त्याला न मारण्याचा हुकूम जाच नव्हे. थोडी बेअब्रू होते, ती पुढच्या तारखेला धुऊन निघू शकते. उलट, खऱ्या मारकुट्याविरुद्ध तोच हुकूम तीन महिने लांबला, तर त्याची किंमत हाड मोडण्यापासून जीव जाण्यापर्यंत कितीही असू शकते. म्हणून हा साधा मनाई हुकूम शपथपत्रावर, त्याच दिवशी, हात न आखडता द्यावा, असे आम्हाला वाटते.

घराबाहेर काढण्याचा हुकूम मात्र वेगळा. मुलांना भेटू न देण्याचा वेगळा. पगारातून दरमहा रक्कम तोडण्याचा आणखी वेगळा. इथे चूक झाली तर निर्दोष माणसाचे आयुष्य विस्कटते. इथे न्यायालयाने आधी जास्त पाहावे, वैद्यकीय कागद, शेजाऱ्यांचे म्हणणे, संरक्षण अधिकाऱ्याचा अहवाल मागवावा, आणि एकतर्फी द्यायचाच झाला तर थोड्या दिवसांपुरता देऊन लगेच दुसऱ्या बाजूला बोलवावे. कायद्यात याला आडकाठी नाही. आडकाठी आहे ती वहिवाटीची: सगळ्या मागण्या एका अर्जात, सगळ्यांवर एकच सुनावणी, आणि मग सगळेच लटकलेले. पोटगीच्या रकमेवर वाद चालू राहतो आणि त्या वादापायी साधा 'हात लावू नको' हा हुकूमही निघत नाही.

घराचा प्रश्न नेपियर टाउनसारख्या जुन्या वस्तीत सर्वांत नाजूक. बंगला सासऱ्यांच्या नावावर, खाली सासू-सासरे, वर मुलगा-सून, असे चित्र डोळ्यांपुढे आणा. सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर २००६ च्या एका निकालाने अशा घरात सुनेचा हक्क जवळजवळ संपवला होता. घर नवऱ्याच्या मालकीचे वा भाड्याचे असले किंवा एकत्र कुटुंबाचे असले तरच तो मानला जाई. मग सोपी युक्ती निघाली. भांडण सुरू झाले, की बाप मुलाला कागदोपत्री बेदखल करतो, मुलगा भाड्याच्या खोलीत जातो आणि सुनेला दार बंद. १५ ऑक्टोबर २०२० ला त्याच न्यायालयाच्या मोठ्या पीठाने तो निकाल फिरवला. घर सासऱ्यांच्या नावावर असले, तरी ती तिथे संसार करत होती तर ते तिचे सामायिक घर ठरू शकते. पण त्याच निकालात हेही आहे, की हा हक्क अढळ नाही. म्हाताऱ्या माणसांच्या शांतपणे जगण्याच्या हक्काशी तो तोलला पाहिजे, आणि सुनेला त्याच दर्जाची दुसरी जागा किंवा तिचे भाडे देण्याचा मार्ग न्यायालयाकडे आहे. दोन महिन्यांनी, डिसेंबर २०२० मध्ये, ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्याचा वापर करून सुनेला थेट बाहेर काढता येणार नाही, असेही त्या न्यायालयाने सांगितले.

आम्हाला हा तोल बरोबर वाटतो. आणखी एक बारीक कलम आहे, ते मराठी घरांत फार कमी लोकांना ठाऊक असते. कलम १९ नुसार सामायिक घरातून बाहेर काढण्याचा हुकूम कोणत्याही स्त्रीविरुद्ध देता येत नाही. अमरावतीच्या एका प्रकरणात २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सासूविरुद्धही अर्ज चालतो असे ठरवले, आणि मुंबईतून गेलेल्या एका प्रकरणात २०१६ मध्ये प्रतिवादी 'प्रौढ पुरुष'च असला पाहिजे हे बंधन काढून टाकले. तरी सासूला घराबाहेर घालवण्याची मुभा नाही. 'सून म्हातारीला रस्त्यावर आणेल' ही भीती कायद्याने आधीच ओळखलेली आहे.

मग बाहेर जायचे कोणी? आपल्याकडे उत्तर ठरलेले: माहेरी जायचे ते बाईने. मार खाल्ला तिने, बॅग भरायची तिने, मुलांची शाळा सुटायची तिच्यापायी. ऑस्ट्रियाने १९९७ मध्ये हे उलटे केले. तिथे पोलीसच हिंसा करणाऱ्याला जागच्या जागी घराबाहेर काढतात आणि काही दिवस परत येऊ देत नाहीत. तेवढ्या काळात बाईने न्यायालयात जायचे. सुरुवातीला ही मुदत सात दिवसांची होती, पुढे दोन आठवड्यांची झाली. मुदत थोडी आहे म्हणूनच ती व्यवस्था माणुसकीची वाटते. चूक झाली तर दोन आठवड्यांची होते, दोन वर्षांची नव्हे. आपल्याकडच्या पोलिसांच्या हाती असा अधिकार आज द्यावा का, याबद्दल आम्हाला शंका आहे. घराबाहेर काढण्याची ताकद ठाण्याच्या अंमलदाराला दिली की तिचा भाव ठरायला वेळ लागणार नाही. पण मॅजिस्ट्रेटने, मारहाणीचा ताजा कागद समोर असताना, अशी थोड्या दिवसांची मनाई द्यायला हरकत कोणती?

मराठी घरांच्या बाबतीत माहेरचा प्रश्न आणखी एका अंगाने येतो. जबलपूरला दिलेली नागपूरची मुलगी मार खाऊन नागपूरला परतली, तर कलम २७ प्रमाणे तिला नागपुरातच अर्ज करता येतो. तात्पुरती राहत असली तरी. आदेश देशभर लागू. हे तिच्या दृष्टीने वरदान आहे. पावणेतीनशे किलोमीटरवर, सासरच्या गावी, एकटीने तारखा करायला तिला लावणे म्हणजे अर्ज करू नको असे सांगणेच. पण नोटीस बजावायची जबलपुरात, सासऱ्यांनी यायचे नागपूरला, आणि आदेश मोडला गेला तर तो राबवायचा दुसऱ्या राज्याच्या पोलिसांनी. नागपूरच्या न्यायालयाचा मराठी कागद जबलपूरच्या ठाण्यात गेला तर तो वाचणार कोण, हा प्रश्न विनोदाचा नाही. वृद्ध सासरच्या मंडळींना हजेरीतून सूट किंवा व्हिडिओद्वारे हजेरी सहज द्यावी, आणि आदेशाची हिंदी प्रत न्यायालयानेच जोडून पाठवावी. एवढे केले तर दोन्ही बाजूंचा निम्मा त्रास जातो.

दुसरी तक्रार, म्हणजे आदेश मिळतच नाही ही, जास्त गंभीर आहे. कायदा म्हणतो, पहिली तारीख सामान्यतः तीन दिवसांच्या आत. नोटीस संरक्षण अधिकाऱ्याने दोन दिवसांत बजावावी. अर्ज ६० दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा. आणि प्रत्यक्षात? सर्वोच्च न्यायालयासमोर राष्ट्रीय विधिसेवा प्राधिकरणाने दिलेल्या माहितीप्रमाणे १ जुलै २०२२ रोजी देशात या कायद्याखाली ४ लाख ७० हजारांहून अधिक प्रकरणे पडून होती. साठ दिवसांची मुदत ही अशा वेळी थट्टा वाटते, अर्जदार बाईची आणि प्रतिवादी पुरुषाचीही. ज्याच्याविरुद्ध खोटा एकतर्फी आदेश आहे, तोही तारखांच्या त्याच रांगेत उभा असतो. दिरंगाईने फक्त बाईचे नुकसान होते हा गैरसमज आहे.

कायद्याचा कणा म्हणजे संरक्षण अधिकारी. बाई त्याच्याकडे जाते, तो घरगुती घटनेचा अहवाल भरतो. हा नमुना एकदा पाहण्यासारखा आहे. कोणत्या दिवशी, कुठे, कोणी, दुखापत कोणती, हुंड्यावरून टोमणे, मुलगा झाला नाही म्हणून अपमान, चारित्र्यावर संशय, नोकरीला मज्जाव, घरखर्चाला पैसे न देणे, औषध न आणणे, असे रकान्यामागून रकाने. सोबत डॉक्टरची चिठ्ठी आणि स्त्रीधनाची यादी. नीट भरलेला हा अहवाल खऱ्या तक्रारीला बळ देतो आणि पोकळ तक्रार उघडी पाडतो, कारण तारीख-वार मागितले की मोघम आरोपांचा जोर ओसरतो. म्हणजे दुरुपयोगाला खरा आळा घालणारा माणूस हाच. मध्य प्रदेशात हे काम महिला व बालविकास खात्याच्या, प्रामुख्याने एकात्मिक बालविकास प्रकल्पाच्या अधिकाऱ्यांकडे आहे. अंगणवाड्या, पोषण आहार, लाडली बहना योजना, निवडणुकीची कामे, आणि उरलेल्या वेळात संरक्षण! २० मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना सहा आठवड्यांत जिल्हा आणि तालुका पातळीवर असे अधिकारी नेमून द्यायला सांगितले. चांगले झाले, पण त्या आदेशातही खात्यातल्याच अधिकाऱ्यांना ही नेमणूक द्यायची मोकळीक आहे. नाव बदलले, टेबल तेच राहिले, तर अहवाल महिन्यांनीच न्यायालयात पोचणार.

बाई संरक्षण अधिकाऱ्याकडे क्वचितच आधी जाते. ती ठाण्यात जाते. तिथे तिला पहिली मिळते ती समझाइश. नवऱ्याला बोलवायचे, दोघांना समोरासमोर बसवायचे, 'दोन भांडी एकत्र आली की आवाज होणारच' म्हणायचे आणि कागदावर सह्या घेऊन दोघांना एकाच रिक्षाने परत पाठवायचे. समुपदेशनाला आमचा विरोध नाही, कायद्याच्या कलम १४ मध्येच ते आहे. पण ते मॅजिस्ट्रेटच्या देखरेखीखाली आहे, आणि त्याच्या आधी बाई सुरक्षित असणे गृहीत आहे. मारणाऱ्यासमोर बसून मार खाणारी खरे बोलेल अशी अपेक्षा ठेवणाऱ्याने एकदा तिच्या खुर्चीत बसून पाहावे.

मध्य प्रदेशाने एक गोष्ट बरी केली, ती मात्र सांगायला हवी. राज्यातल्या १८० पोलीस ठाण्यांत महिला मदत कक्षांचा पद्धतशीर प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आले. मदत कक्ष असलेल्या ठाण्यांत बायकांच्या तक्रारींची नोंद वाढली, आणि कक्षाची सूत्रे महिला अधिकाऱ्याकडे होती तिथे विशेष वाढली. २०२१ पासून राज्याने 'ऊर्जा' नावाने असे कक्ष शेकडो ठाण्यांत पोचवले. खुर्ची, पडदा लावलेली खोली, प्रशिक्षण आणि एक महिला अधिकारी, एवढ्याने फरक पडतो, हे या राज्याने स्वतः सिद्ध केले आहे. महाराष्ट्रात १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलीस आयुक्तालयात सुरू केलेला महिला-बालकांसाठीचा विशेष कक्ष याच विचारातून उभा राहिला होता. तिथे पोलीस नव्हे, समाजकार्यकर्ती बसते.

आदेश निघाला आणि राबवला गेला नाही, तर काय होते? अमेरिकेच्या कोलोराडो राज्यातल्या कॅसल रॉक गावात १९९९ मध्ये एका बापाने संरक्षण आदेश मोडून आपल्या तीन मुलींना पळवले. आई पोलिसांना रात्रभर फोन करत राहिली. मुली ठार झाल्या. २००५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की पोलिसांनी आदेश राबवलाच पाहिजे असा घटनात्मक हक्क त्या आईला नव्हता. आपला कायदा झाला तोही त्याच वर्षी. आपल्या कायद्यात आदेश मोडणे हा स्वतंत्र दखलपात्र गुन्हा आहे, हा आपल्याकडचा पुढचा पल्ला. पण संरक्षण आदेश कोणाविरुद्ध आहे याची यादी ठाण्यात समोर नसेल, तर रात्री दोन वाजता आलेल्या फोनवर शिपाई पुन्हा 'सकाळी या' म्हणणार.

न्यायालयाने बाईला घराविषयी हुकूम करावा, हे मराठी माणसाला नवे नाही. रखमाबाईंना १८८७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असे फर्मावले होते. त्या काळी पुष्कळ शहाणी माणसे त्या हुकमाच्या बाजूने होती, आणि त्यांचाही युक्तिवाद कुटुंबसंस्था मोडेल हाच होता.

तेव्हा आमचे मत असे. साधी मनाई त्याच दिवशी द्यावी. घर, मुले आणि पैसा यांबाबत दुसऱ्या बाजूला दोन आठवड्यांच्या आत बोलवावे आणि ती तारीख पुढे ढकलू नये. ज्यांच्याविरुद्ध एकही ठोस आरोप नाही अशा नातलगांची नावे पहिल्याच सुनावणीला गाळावीत. आज संरक्षण आदेश अर्जदार स्वतः मागे घेईपर्यंत किंवा परिस्थिती बदलल्याचे दाखवून तो फिरवला जाईपर्यंत चालूच राहतो. त्याऐवजी वर्षातून एकदा न्यायालयाने आपणहून त्याचा आढावा घ्यावा. शपथेवर जाणूनबुजून खोटे सांगितल्याचे सिद्ध झाले, तर त्यासाठी आधीपासून असलेला कायदा वापरावा, नवे कलम नको. कारण मुळात १४ टक्केच बोलतात, त्यांच्यापुढे आणखी एक धाक ठेवून काही साधणार नाही. आणि जबलपूरसारख्या जिल्ह्याला फक्त हेच काम करणारे संरक्षण अधिकारी द्यावेत, ज्यांचे नाव निवडणुकीच्या कामाच्या यादीतही लावता येणार नाही.

ज्यांना आज गरज आहे त्यांच्यासाठी: महिला हेल्पलाइनचा क्रमांक १८१, मोफत कायदेशीर मदतीसाठी विधिसेवा प्राधिकरणाचा १५१००. वकिलाची फी परवडत नाही म्हणून थांबू नका. उत्पन्न कितीही असले तरी प्रत्येक स्त्रीला ही मदत मिळते. आदेश झाला, तर कलम २४ प्रमाणे त्याची प्रत दोन्ही बाजूंना आणि हद्दीतल्या पोलीस ठाण्याला विनामूल्य द्यावी लागते. ती ठाण्यात पोचली का, हे दुसऱ्याच दिवशी जाऊन विचारा आणि आवक नोंदीचा क्रमांक लिहून घ्या.